झिजलेल्या कॅलिपरची साक्ष

पाच-सहा वर्षे रोज पायात राहिलेला कॅलिपर टेबलावर आला, की आधी त्याचा तळ पाहावा. पोटरीच्या मागून उतरून, टाचेला वळसा घालून चवड्यापर्यंत जाणारी प्लास्टिकची ही एक पन्हळ. कार्यशाळेत तिला एएफओ म्हणतात, घरात कॅलिपर किंवा नुसताच ‘बूट’. तळाची बाहेरची कड घासून कागदासारखी पातळ झालेली असते, आतली कड मात्र अजून जाड. घोट्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे प्रत्येक पावलाला प्लास्टिक थोडे वाकते, तिथे बारीक पांढऱ्या रेषा उठलेल्या असतात. पोटरीवरच्या पट्ट्याचे वेलक्रो एकाच जागी बोडके झालेले असते, कारण पट्टा रोज तिथेच चिकटवला गेला. आतून, घोट्याच्या हाडापाशी, पृष्ठभागाला चकाकी आलेली असते. वरच्या कडेवर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलेला असतो, टाचेखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला असतो, तुटलेल्या रिव्हेटच्या जागी कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्त करणाऱ्याने दोऱ्याचे चार टाके घातलेले असतात. हा कॅलिपर घेऊन आलेल्या माणसाची मागणी बहुधा एकाच वाक्याची असते: अगदी असाच करून द्या.

नक्कल म्हटले की आपल्याकडे त्या शब्दालाच कमीपणा चिकटतो. या व्यवसायातही जुन्यावरून नवे करणे म्हणजे डोके न वापरणे, असा एक समज आहे. शिकलेल्या ऑर्थोटिस्टने, म्हणजे अशी आधारसाधने बनवणाऱ्या तज्ज्ञाने, पाय तपासावा, नवे माप घ्यावे, नवा साचा करावा. जुनी वस्तू निकामी झाली म्हणूनच तर माणूस आला आहे, मग तिचा विचार कशाला करायचा, असे त्यामागचे तर्कशास्त्र. माझे म्हणणे याच्या उलट आहे. झिजलेल्या कॅलिपरला दोन कर्ते असतात: एक तो बनवणारा, दुसरा तो घालून चालणारा. पहिल्याचा इतिहास थोडाफार ग्रंथांत आला. दुसऱ्याचा इतिहास त्या वस्तूच्या अंगावरच तेवढा उमटलेला आहे. म्हणून झिजलेल्या कॅलिपरची काळजीपूर्वक प्रत काढणे हे हलके काम नाही. या व्यवसायाने जे ज्ञान वाटेत हरवले, ते परत मिळवण्याचा तो सगळ्यांत जवळचा रस्ता आहे. ते कसे हरवले हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

शरीराला आधार देणारी युरोपातली जुनी साधने मुख्यतः धातुकाम करणाऱ्यांच्या हातची होती. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रॉझ पारे यांनी वाकड्या पावलांसाठी बूट, वाकड्या पाठीसाठी छिद्रे पाडलेल्या लोखंडी चोळ्या आणि कृत्रिम हातपाय यांची चित्रे आपल्या ग्रंथांत छापली. त्यांचे कृत्रिम अवयव घडवणारा पॅरिसमधला कुलूपकार इतिहासाला ‘ल पेती लोरॅं’ एवढ्या टोपणनावानेच माहीत आहे. १७४१ मध्ये निकोलास आंद्री यांनी ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द घडवून त्या नावाचा ग्रंथ लिहिला. वाकडे वाढणारे रोप खुंटाला बांधून सरळ करण्याचे त्यातले चित्र आजही अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनांचे बोधचिन्ह म्हणून वापरात आहे. १७८० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ऑर्ब गावी झां-आंद्रे व्हेनेल यांनी वाकड्या हाडांच्या मुलांसाठी संस्था उघडली आणि वळलेल्या पावलांसाठी एक खास बूट वापरला. या परंपरेत विचार देणाऱ्यांची नावे ठळक आहेत, घडवणाऱ्याचे नाव सापडले तर टोपणनाव, आणि घालणाऱ्याचे नाव जवळजवळ नाहीच. आंद्रींचे ते चित्रही याच दृष्टीचे आहे. त्यात रोप आहे, खुंट आहे, दोरी आहे. रोपाला काही सांगायचे असेल, याला त्या चित्रात जागा नाही.

विचार देणारा, घडवणारा आणि घालणारा यांच्यातले हे अंतर एकोणिसाव्या शतकातल्या लिव्हरपूलमध्ये काही काळ बरेच कमी झाले. ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील पदवी नसलेले, पण नावाजलेले हाडवैद्य. मुलगा रीतसर डॉक्टर झाला, पण घराण्याचा हात त्याने सोडला नाही. नेल्सन स्ट्रीटवरच्या ११ क्रमांकाच्या घरी त्यांचा दवाखाना होता आणि पदरी लोहार व जीनगर होते. मांडीच्या मुळाशी कातड्याने मढवलेले लोखंडी कडे, त्यातून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या दोन सळया, ही टॉमस यांची आधारपट्टी (स्प्लिंट). रोगी उठून चालू लागला की सळयांची खालची टोके आत वळवून बुटाच्या टाचेतल्या भोकांत बसवायची. मापन करणाऱ्या कंपासाच्या दोन पायांसारखी ती दिसते, आणि ‘कॅलिपर’ हे नाव तिला चिकटले. पुढे ते नाव गुडघ्याखालच्या लहान साधनालाही लागले आणि मराठी घरांत आजवर टिकले. या रचनेतली मोलाची गोष्ट मला वाटते ती सळई नव्हे, तर शेजार. डॉक्टर, लोहार आणि रोगी एकाच छपराखाली असले, की वाकलेली सळई आणि झिजलेली टाच घेऊन आलेला माणूस थेट ऐरणीपर्यंत पोचतो. कुठे वाकली, किती दिवसांत वाकली, हे ज्याने ती ठोकली त्यालाच दिसते, आणि पुढची सळई तो त्या हिशेबाने ठोकतो.

दरम्यान एका पांढऱ्या भुकटीने हे सारे बदलायला सुरुवात केली होती. १८५२ मध्ये डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथिसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस चोळलेली पट्टी भिजवून मोडलेल्या हाडावर गुंडाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाडे जुळवण्यासाठी आलेली ही पट्टी साधने बनवणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी देणगी ठरली. पायावर गुंडाळून सुकलेली पट्टी कापून काढली की आत पायाचा पोकळ ठसा मिळतो. त्यात प्लास्टर ओतले की पायाची भरीव प्रतिकृती हातात येते. आता रोग्याला तासन्‌तास बसवून ठेवायला नको. जर्मनीत आउग्सबुर्गजवळच्या गॉगिंगेन इथे फ्रीडरिश हेसिंग यांनी १८६८ पासून जी संस्था उभारली, तिचे नाव प्रतिकृतीवर ताणून बसवलेल्या कातडी नळ्या आणि पोलादी पट्ट्या यांच्या साधनांमुळे युरोपभर झाले. हेसिंग डॉक्टर नव्हते. बागकाम, सुतारकाम आणि चर्चमधले ऑर्गन बनवण्याचे काम करून ते या धंद्यात आले होते, आणि अंगाला चपखल बसणारी वस्तू कशी करावी हे त्यांच्या हाताला कळत होते. लोहाराच्या सळईला पाय कुठेकुठे टेकत असे. या नळीत तो सगळीकडून बसू लागला.

हा लाभ खरा होता, आणि त्याची किंमतही खरी होती. प्लास्टरचा ठसा घेतात तेव्हा रोगी सहसा बसलेला किंवा आडवा असतो, पाय मोकळा असतो, त्यावर शरीराचा भार नसतो, आणि ऑर्थोटिस्टचा हात त्या पावलाला ‘योग्य’ स्थितीत धरून ठेवतो. म्हणजे ठशात उतरतो तो पायाचा आकार आणि धरणाऱ्याचे मत. चाल त्यात उतरत नाही. जिना उतरताना हा माणूस कोणत्या कडेवर भार टाकतो, बसच्या पायरीवर पाय कसा फेकतो, स्वयंपाकाच्या ओट्याशी तासभर उभे राहताना गुडघा कुठे टेकवतो, यातले काहीच ओल्या पट्टीला कळत नाही. लोहाराच्या काळी आकार ओबडधोबड होता, पण वस्तू पुन्हापुन्हा ऐरणीवर येत असल्याने चालीची माहिती तिच्यात साठत जायची. ठशाच्या काळात आकार अचूक झाला आणि प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीवरून सुरुवात होऊ लागली. जुने साधन बाजूला पडले ते इथे.

भारतात ही गोष्ट पोलिओच्या छायेत घडली. १९४७ मध्ये मुंबईत फातिमा इस्माईल यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. १९५५ मध्ये हाजी अलीला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनच होते, आणि कानपूरला १९७२ मध्ये अॅलिम्को हा सरकारी कारखाना स्थापन झाला. या सगळ्या काळातला सर्वसाधारण कॅलिपर म्हणजे दोन उभ्या धातूच्या पट्ट्या, पोटरीला कातड्याचा पट्टा आणि खाली कायमचा जोडलेला जाड बूट. पाश्चात्त्य रस्त्यांवर आणि पाश्चात्त्य घरांत ही वस्तू ठीक होती. इथे बूट उंबऱ्याबाहेर काढायचा असतो. देवघर, स्वयंपाकघर, जमिनीवरची जेवणाची पंगत, शेताचा बांध यांपैकी कुठेच तो बूट चालत नव्हता, त्यामुळे कॅलिपर शाळेपुरता किंवा कचेरीपुरता उरायचा आणि घरात माणूस मांडीवर हात दाबून चालायचा. जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये ‘जयपूर फूट’ घडवला तो नेमकी हीच अडचण ओळखून: अनवाणी चालता येईल, उकिडवे बसता येईल, मांडी घालता येईल असे पाऊल. ते पाय कापलेल्यांसाठी होते, कॅलिपर वापरणाऱ्यांसाठी नव्हते. पण त्यातून मिळालेला धडा दोघांनाही लागू आहे: कुठल्या जमिनीवर, काय घालून, कसे बसून उठून ही वस्तू वापरली जाणार, हे वापरणाऱ्याच्या अंगणात कळते, कार्यशाळेत नव्हे.

मग प्लास्टिक आले. इटलीत जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये पॉलीप्रॉपिलीन तयार केले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस पातळ, एकसंध प्लास्टिक कॅलिपरचे प्रयोग इंग्लंड-अमेरिकेत होऊ लागले. १९७० च्या दशकात सांध्यांच्या आद्याक्षरांवरून साधनांना नावे देण्याची पद्धत रुळली आणि घोटा-पाऊल सांभाळणाऱ्या साधनाला एएफओ म्हटले जाऊ लागले. तापवलेला पत्रा प्लास्टरच्या प्रतिकृतीवर अंथरायचा, पंपाने मधली हवा ओढून घ्यायची, थंड झाला की कापून कडा घासायच्या. वजन कमी झाले, साधन बुटाच्या आत गेले, चपलेतही मावू लागले आणि फरशीवर अनवाणीही चालू लागले. पण प्लास्टिकबरोबर आणखी एक गोष्ट आली, तिची पुरेशी दखल घेतली गेली नाही. लोखंड वाकते आणि ठोकून सरळ होते, कातडे ताणते आणि बदलता येते. पॉलीप्रॉपिलीन मात्र आपल्यावर पडलेला प्रत्येक ताण लक्षात ठेवते. त्या पांढऱ्या रेषा म्हणजे हजारो पावलांनी वाकलेल्या जागा. पूर्वीच्या कोणत्याही साधनापेक्षा हे साधन अधिक चांगली साक्ष देते, आणि ते आले नेमके त्या काळात, जेव्हा जुन्या साधनाला साक्षीला बोलवायची सवयच मोडली होती.

साक्ष घ्यायची कशी, हे प्रत काढण्याच्या कामातच दिसते. आधी तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: झीज, जुळणी आणि दुरुस्ती. झीज म्हणजे जिथे वस्तू हरली, जसे तळाची बाहेरची कड. जुळणी म्हणजे जिथे वस्तू आणि पाय एकमेकांत बसले, जसे घोट्यापाशी आलेली चकाकी. दुरुस्ती म्हणजे जिथे घालणारा बनवणाऱ्याशी सहमत नव्हता, जसे पॉलिश पेपरने घासलेली कड किंवा टाचेखालचा ट्यूबचा तुकडा. मग भोके, भेगा बाहेरून चिकटपट्टीने बुजवायच्या, आतून प्लास्टर सुटून येईल असा थर द्यायचा, आणि समोरची उघडी बाजू प्लास्टरच्या पट्टीने बंद करायची. वापराने पन्हळ फाकलेली असते, म्हणून पट्टे रोज ज्या खुणेवर लागत त्याच खुणेवर आवळून घ्यायचे. नाहीतर पोटरी खऱ्यापेक्षा जाड ओतली जाते. मधोमध लोखंडी नळी धरून प्लास्टर ओतायचे, आणि ते सुकेपर्यंत साधन टेकवायचे ते त्या माणसाच्या नेहमीच्या चपलेच्या टाचेइतक्या उंचीवर. सुटून आलेल्या प्रतिकृतीवर तळाची झिजलेली कड पुन्हा भरून काढायची, पण घोट्याची जुळणी तशीच ठेवायची. कुठे भरायचे आणि कुठे हात लावायचा नाही, या निर्णयासाठीच अनुभव लागतो. शेवटी नवा पत्रा ओढायचा आणि घोट्याजवळची कड जुन्या कडेवरून आखायची, कारण ती कड बोटभर पुढे-मागे झाली तरी कॅलिपरचा ताठरपणा बदलतो.

एवढ्या बारकाव्याने काय साधते? एकच उदाहरण पुरे. पोलिओमुळे मांडीचे स्नायू दुबळे झालेल्या माणसाच्या कॅलिपरमध्ये पाऊल पुष्कळदा किंचित खाली झुकलेले असते, चवडा टाचेपेक्षा जरा खाली. काटकोनाच्या नियमाने पाहणाऱ्याला ही चूक वाटते. पण पाऊल असे झुकलेले असले की जमिनीवर टेकताना नडगी मागे रेटली जाते, गुडघा मागे जाऊन ताठ होतो आणि दुबळ्या मांडीचे काम जमीनच करते. आखूड पायाची उंचीही त्या झुकण्याने थोडी भरून निघते. आता कुणी सद्‌भावनेने तो कोन ‘सुधारून’ काटकोन केला, की नडगी पुढे येते, गुडघा वाकतो, आणि वीस वर्षे न पडलेला माणूस नव्या, सुबक, नियमाप्रमाणे बनवलेल्या कॅलिपरमध्ये पहिल्याच दिवशी पडतो. चपलेचेही तसेच. ताठर कॅलिपरमध्ये टाच उंच झाली की नडगी पुढे झुकते, टाच खाली आली की मागे. जुन्या कॅलिपरच्या तळावर फरशीचे ओरखडे आहेत की तळ स्वच्छ आहे, एवढ्यावरून तो माणूस घरात अनवाणी चालतो की सदैव चपलेत असतो हे समजते, आणि नव्याची उंची त्यावर ठरते. वापरणाऱ्याला ‘कोन’ हा शब्द ठाऊक नसेल. तो फक्त म्हणतो, जुन्यात पाय बसायचा. त्या एका वाक्यात यंत्रशास्त्राचा सगळा निष्कर्ष आहे.

वापरणाऱ्याने केलेले बदल इतिहासात क्वचितच नोंदले गेले, आणि नोंदले गेले ते माणूस थोर असला म्हणून. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओचे निदान झाले. १९२६ मध्ये त्यांनी जॉर्जियातले वॉर्म स्प्रिंग्ज विकत घेतले आणि ते अशा रुग्णांचे उपचारकेंद्र बनवले. विजार आणि बुटांच्या मध्ये लोखंड चमकू नये म्हणून त्यांच्या कॅलिपरच्या पट्ट्या काळ्या रंगवलेल्या असत. रंगाचा तो पातळ थर म्हणजे वापरणाऱ्याने वस्तूवर लिहिलेले एक वाक्यच होते, आणि नवी जोडी करताना रंग विसरणारा कारागीर त्यांच्या दृष्टीने अपुरे काम करणारा ठरला असता. टाचेखाली ट्यूबचा तुकडा चिकटवणारी गावाकडची बाई याहून वेगळे काय करते? तिच्या वाक्याची नोंद कुणी ठेवली नाही, इतकाच फरक. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत अपंग कारागिरांबरोबर काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ च्या ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ आणि १९९८ च्या ‘नथिंग अबाउट अस विदाउट अस’ या पुस्तकांत आग्रह धरला तो हाच: साधन वापरणाऱ्याला त्याच्या घडणीत बरोबरीचे स्थान द्या.

पण वर्नर यांचेच काम माझ्या म्हणण्यावर पहिला मोठा आक्षेप उभा करते. अनेक मुलांना गरज नसताना कॅलिपर चढवले जातात, असा इशारा ते वारंवार देतात. मग जुना कॅलिपरच चुकीचा असेल, तर त्याची प्रत म्हणजे चुकीला दिलेली मुदतवाढ नव्हे का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातून मर्यादा आखता येतात. वाढत्या मुलाच्या पायाची प्रत काही महिन्यांत खोटी ठरते. पक्षाघातानंतर सुधारत असलेल्या माणसाला गेल्या वर्षीचा आधार आज अडथळा ठरू शकतो. आणि ज्या पायाला संवेदनाच नाही, कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला, ‘मला यात बरे वाटते’ ही साक्ष पुरत नाही. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने गळत नाहीत, तर वेदना न कळल्याने होणाऱ्या जखमांनी जातात. अशा पायाचा झिजलेला कॅलिपर प्रत काढण्यासाठी नव्हे, तर धोका कुठे आहे हे वाचण्यासाठी आहे. इथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. या तिन्ही प्रसंगांत प्रत न काढण्याचा निर्णयही जुने साधन नीट पाहूनच घ्यावा लागतो. आक्षेप आंधळ्या नकलेवर आहे, वाचण्यावर नाही.

दुसरा आक्षेप असा की झिजलेल्या वस्तूची प्रत म्हणजे झिजेचीही प्रत. फाकलेली पन्हळ, दबलेला फोम, तिरका झालेला तळ हे सगळे नव्यात उतरणार. याला उत्तर आपल्या मातीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. तिथल्या पंडितांसमोरचा प्रश्न हाच होता: शेकडो पोथ्या, प्रत्येकीत लेखनिकांचे प्रमाद आणि घातलेली भर. पोथ्या अशुद्ध आहेत म्हणून त्यांनी महाभारत नव्याने रचले नाही, आणि एखादी पोथी जशीच्या तशी छापलीही नाही. पाठ ताडून पाहिले, प्रमाद कुठला आणि मूळ कुठले ते पारखले, आणि वगळलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले. झीज, जुळणी आणि दुरुस्ती वेगळी करणारा कारागीर याच शिस्तीने काम करतो. त्याच्या जागी तळटीप म्हणजे जुना कॅलिपर, जो फेकून द्यायचा नसतो. फरक एवढाच, की पंडितांना लेखनिकाला विचारता येत नव्हते. कारागिरासमोर दुसरा कर्ता प्रत्यक्ष बसलेला असतो.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. आता स्कॅनर आहे, संगणकावर आकार दुरुस्त करता येतो, त्रिमितीय छपाई होते; प्लास्टर ओतण्याचे हे जुने काम आता राहणारच कशाला? स्कॅनरचे मला वावडे नाही. चांगली प्रत एकदा संगणकात साठवली, तर पुढच्या वेळी फुटलेल्या कॅलिपरवाचूनही काम भागेल, आणि बदली होऊन परगावी गेलेल्या माणसाची नोंद त्याच्या मागोमाग जाईल. पण स्कॅनर काय पाहतो हा प्रश्न उरतोच. नुसता पाय पाहिला, तर तोही प्लास्टरच्या ठशासारखा चाल गमावतो, फक्त जास्त अचूकपणे. कॅलिपर पाहायला गेला, तर अरुंद, खोल टाचेपर्यंत त्याची नजर सहज पोचत नाही. प्लास्टरची प्रत ओतून मग तिचा स्कॅन घेणे अनेकदा सोपे पडते. आणि टाचेखालचा ट्यूबचा तुकडा म्हणजे घाण की मत, हे ठरवणे यंत्राचे काम नाहीच. साधन बदलले तरी प्रश्न तोच: दुसऱ्या कर्त्याला ऐकायचे की नाही.

हा प्रश्न आजच निकडीचा आहे, त्याला एक कारण आहे. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. ही अतिशय आनंदाची गोष्ट आहे. पण तिचा एक अर्थ असाही, की ज्यांचे पाय १९५० ते १९९० च्या दरम्यान अधू झाले त्यांतली थोरली माणसे आता साठी-सत्तरीकडे झुकली आहेत, त्यांच्यामागून त्या प्रकारचे नवे रुग्ण येत नाहीत, आणि पोलिओचा पाय रोज हाताळणारी दृष्टी नव्या पिढीच्या ऑर्थोटिस्टला सरावाने मिळणे कठीण होत चालले आहे. त्यांच्या चालीचे चाळीस वर्षांचे ज्ञान आता दोन ठिकाणी शिल्लक आहे: त्यांच्या शरीरात, आणि पायातून काढलेल्या त्या झिजलेल्या वस्तूत. शरीर म्हातारे होते आहे, स्नायू आणखी दमत आहेत. या वयात नवा प्रयोग करून पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे असू शकते. म्हणून आधी प्रत काढावी, ती घालून माणूस पूर्वीइतका निर्धास्त चालतो का ते पाहावे, आणि सुधारणा करायची तर त्यानंतर, एका वेळी एकच.

काम संपले की नवा कॅलिपर पायात आणि जुना पिशवीत, अशी दोन्ही घेऊन माणसाला घरी पाठवावे. जुन्याच्या आत, टाचेपाशी, न पुसल्या जाणाऱ्या शाईने तारीख लिहावी, चपलेच्या टाचेची उंची लिहावी, आणि पट्टा कितव्या खुणेवर लागायचा ते लिहावे. पुढच्या खेपेला जो कुणी टेबलाशी बसलेला असेल, त्याला मग कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागणार नाही.